ध्वनिमुद्रणाचा दोष आणि गीताचा गुण

मंडळीतील एका तरुणाने मुद्रित करून आणलेले गीत प्रस्तुत लेखकाने एकदा चार ओळींतच बंद केले. खरखर व घुमारा यांमुळे ते ऐकवेना. पुढे तेच गीत एका अंत्यविधीच्या वेळी त्याच्या तोंडून प्रत्यक्ष ऐकले, तेव्हा आपण गीताचा नव्हे, तर यंत्राचा निवाडा केला होता, हे ध्यानी आले.

या संदर्भात अमेरिकन गीतकार डॅनियल जॉन्स्टन (१९६१–२०१९) यांचे उदाहरण विचारार्ह आहे. त्यांनी घरच्या घरी साध्या कॅसेट-यंत्रावर गीते मुद्रित केली व टेक्सस राज्यातील ऑस्टिन शहरी त्या कॅसेटी लोकांच्या हाती दिल्या. १९८३ च्या ‘हाय, हाउ आर यू’ या संग्रहात फितीची खरखर आहे, आवाज कापरा आहे, वादन अडखळते. तरीही त्यास निष्ठावंत श्रोते लाभले. उलट १९९४ मध्ये अटलांटिक या मोठ्या कंपनीने उत्तम साधनांनिशी काढलेला ‘फन’ हा संग्रह फारसा खपला नाही.

यावरून ओबडधोबडपणा म्हणजेच सच्चेपणा, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो टाळला पाहिजे. २००४ मध्ये निघालेल्या ‘डिस्कव्हर्ड कव्हर्ड’ या जोडसंग्रहात इतर नामवंत गायकांनी गायिलेली त्यांची गीते आणि त्यांचे स्वतःचे मूळ मुद्रण अशी दोन्ही रूपे शेजारी ठेवली आहेत. नीटस मुद्रणातही ती गीते उभी राहतात. अर्थात गुण खरखरीत नव्हता. तो चालीत व शब्दांत होता. शिवाय जॉन्स्टन यांना गंभीर मनोविकार होता. कापऱ्या आवाजातील वेदनेचे कौतुक करणे म्हणजे गीताचे रसग्रहण नव्हे. कित्येकदा ती केवळ कीव असते.

मग मुद्रणाच्या दर्जाला महत्त्व नाहीच काय? आहे, परंतु दोषादोषांत भेद आहे. फितीची एकसारखी खरखर कानाला थोड्याच वेळात सवयीची होते. फाटलेला आवाज व भिंतींचा घुमारा मात्र व्यंजने गिळून टाकतात, आणि शब्दच कळला नाही तर भाव पोचावा कसा? पहिला दोष श्रोता सोसतो. दुसरा त्याला गीतापासून तोडतो. साधेपणा क्षम्य आहे, अस्पष्टपणा नाही.

आपल्यापैकी पुष्कळांपुढे आज मोबाइलवर मुद्रित केलेली अशी गीते येतात. अभिप्राय देण्यापूर्वी ते गीत कर्त्याकडून समक्ष गाऊन घ्यावे. नंतर पंखा बंद करून, लहानशा खोलीत, यंत्र तोंडाजवळ धरून ते पुन्हा मुद्रित करण्यास त्याला सांगावे. एवढे केल्यावरही गीत निर्जीव वाटले, तर तसे त्याला स्पष्ट व प्रेमाने सांगणे हे आपले कर्तव्यच होय. त्या तरुणाला मात्र मी तेवढीही संधी दिली नव्हती.