परक्या मैदानावरील पाहुणा

खेळांविषयीं आपल्याकडे जें लिहिलें जातें त्यांत खेळाडूंची परीक्षा असते, पंचांची असते, क्वचित् खेळपट्टीच्या मातीचीही असते. परीक्षा नसते ती एका प्रेक्षकाची. नाटकाच्या बाबतींत असें होत नाहीं. तेथें रसिक कोणास म्हणावें याची चर्चा आपल्या साहित्यशास्त्रानें शतकानुशतकें केली. आणि अभिनवगुप्ताच्या परंपरेनें असा निर्णय दिला कीं, हें माझें, हें परक्याचें, ही भावना गळून पडल्यावांचून रसाचा आस्वाद संभवत नाहीं. मैदानावरील प्रेक्षक मात्र हीच भावना उराशीं धरून आंत शिरतो. त्यांतही जो आपल्या संघामागोमाग परक्या गांवीं जातो आणि सहस्रावधि विरोधकांमध्यें बसून आपल्या संघाच्या नांवानें गर्जना करतो, त्याचा पक्षपात तर पराकोटीचा. असा मनुष्य रसिक ठरतो काय, आणि यजमानांनीं त्याच्याशीं कसें वागावें, हे दोन प्रश्न आम्ही येथें विचारास घेत आहों.

या प्रेक्षकाचें अंतरंग ज्यांत उघड झालें आहे असें एक पुस्तक म्हणजे निक हॉर्नबी या इंग्रज लेखकाचें १९९२ सालीं प्रसिद्ध झालेलें 'फीवर पिच' हें आत्मवृत्त. आईबाप विभक्त झालेले. १९६८ सालीं बापानें मुलास लंडनच्या आर्सेनल संघाचा सामना दाखविला, आणि तेव्हांपासून त्या संघाचा जय-पराजय हाच त्याच्या आयुष्याचा पंचांग झाला. त्यांतील १९७२ सालच्या रेडिंग येथील सामन्याचें प्रकरण मार्मिक आहे. हा मुलगा राहणारा रेडिंगशेजारच्या मेडनहेडचा. परंतु यजमान प्रेक्षकांत बसून तो लंडनकर असल्याची बतावणी करतो, आणि ती उघडकीस येऊन फजीत होतो. मनुष्य कोठला, हें जन्मावरून ठरावें कीं भक्तीवरून, हा या प्रकरणाचा खरा विषय. आणि तो लेखकानें स्वतःची कीव न करितां मांडला आहे. आमचा आक्षेप एवढाच कीं, या सबंध पुस्तकांत यजमानास फारसें स्थान नाहीं. लेखक स्वतःच्या मनांत इतका खोल उतरला आहे कीं, समोरचा मनुष्य त्यास बहुधा पार्श्वभूमीसारखा दिसतो.

नाशिककर वाचकास ही गोष्ट दूरची वाटण्याचें कारण नाहीं. क्रिकेटच्या कारभारांत नाशिक महाराष्ट्र संघाकडे मोडतें. मुंबई पुण्याहून जवळ, तरी मुंबईचा संघ आपला नव्हे. ज्या मैदानास लोक अजून गोल्फ क्लब म्हणतात त्या हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर जानेवारी २०२५ मध्यें महाराष्ट्र व बडोदें यांचा रणजी सामना झाला आणि महाराष्ट्रानें तो ४३९ धावांनीं जिंकला. बडोदेकर तेथें पाहुणे. परंतु ज्या सयाजीराव महाराजांनीं बडोद्यास आधुनिक नगर केलें, त्यांचा जन्म १८६३ सालचा आणि नाशिक जिल्ह्यांतीलच कवळाणे गांवचा. सांगलीस जन्मलेले विजय हजारे आधीं महाराष्ट्राकडून खेळले, पुढें बडोद्याचे झाले, आणि १९४७ सालीं होळकर संघाविरुद्धच्या अंतिम सामन्यांत गुल महंमद यांच्यासह त्यांनीं ५७७ धावांची भागीदारी केली ती बडोद्यासाठीं. मग परका कोण आणि घरचा कोण? संघांची सीमा ही मनुष्यांनीं आंखलेली रेघ आहे, इतकें जरी प्रेक्षकाच्या ध्यानांत राहिलें तरी त्याच्या आवेशास विवेकाचा लगाम बसेल.

नाशिकच्या मैदानावर पाहुण्या प्रेक्षकाची अवहेलना होत नाहीं, असें कोणी अभिमानानें म्हणेल. आमचें म्हणणें असें कीं, त्या अभिमानास अजून आधार नाहीं. रणजी सामन्यास संघामागोमाग प्रवास करणारा प्रेक्षकवर्ग जवळजवळ नसतोच; तेव्हां हें सौजन्य परीक्षेस न बसतांच उत्तीर्ण झालेलें आहे. परीक्षा पाहावयाची तर कोल्हापुरास जावें. तेथें फुटबॉल हा तालमींचा व पेठांचा खेळ. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल अशा तालमींचे संघ शाहू स्टेडियमवर उतरले म्हणजे परगांवीं जाण्याची गरजच उरत नाहीं. समोरच्या बाजूस जाऊन बसलें कीं मनुष्य परका झाला. महाराष्ट्रांत फुटबॉलवर इतकें प्रेम दुसऱ्या नगरानें क्वचितच केलें असेल. पण समर्थकांच्या हाणामारीचे प्रसंगही त्याच प्रेमाच्या पोटीं तेथें आलेले आहेत.

अशा वेळीं शासनास सुचणारा पहिला उपाय म्हणजे वेगळें बसविणें. हा उपाय नाशिकास नवा नाहीं. सिंहस्थांत शैव आखाड्यांचें स्नान त्र्यंबकेश्वरीं आणि वैष्णवांचें रामकुंडावर होतें. ही वांटणी पेशवाईंत मानापानावरून झालेल्या रक्तपातानंतरची. इंग्लंडांतील प्रमुख साखळी स्पर्धेंत पाहुण्यांसाठीं तीन हजार, अथवा मैदान लहान असल्यास एक दशांश, जागा राखून ठेवण्याचा नियम आहे. अर्जेंटिनांत २०१३ सालीं याच्याही पुढें जाऊन पाहुण्या प्रेक्षकांस बंदीच घालण्यांत आली. वेगळें बसविणें कित्येकदां आवश्यक असतें, हें आम्हांस मान्य आहे. पण कठडा उभारला कीं त्यामागचा मनुष्य संशयित वाटूं लागतो. १५ एप्रिल १९८९ रोजीं शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर लिव्हरपूलचे प्रेक्षक लोखंडी जाळ्यांआड चेंगरले. मृतांचा आंकडा अखेर ९७ झाला. दोष मात्र आरंभीं त्यांच्याच माथीं मारण्यांत आला, आणि हे मृत्यु बेकायदा ठरले, त्यांत प्रेक्षकांचा दोष नव्हता, हा निर्णय मिळण्यास २०१६ साल उजाडावें लागलें. परगांवच्या मनुष्याविषयीं वाईट तें चटकन् खरें वाटतें, हा या शोकांतिकेचा बोध आहे.

दुसरा मार्ग आतिथ्याचा. पंचवटींतील तीर्थोपाध्ये परमुलखांतून आलेल्या यात्रेकरूस प्रथम गांव व कुळ विचारतात आणि वहींत त्याच्या पूर्वजांचीं नांवें काढून दाखवितात. आलेला मनुष्य अनोळखी राहत नाहीं. मैदानावर हें कसें घडावें, याचें उदाहरण चेन्नईनें घालून दिलें आहे. ३१ जानेवारी १९९९ रोजीं पाकिस्तानच्या संघानें तेथें भारतावर अवघ्या १२ धावांनीं विजय मिळविला, तेव्हां पराभवानें व्यथित झालेल्या त्याच प्रेक्षकांनीं उभें राहून विजेत्यांचा जयजयकार केला. पुढच्याच महिन्यांत याच दोन संघांचा कलकत्त्याचा सामना प्रेक्षकांच्या दंग्यामुळें शेवटीं रिकाम्या मैदानांत उरकावा लागला. देश एक, वर्ष एक, प्रतिस्पर्धी तेच. निराळी होती ती प्रेक्षकांची घडण.

आतां पहिल्या प्रश्नाकडे वळूं. पाहुणा प्रेक्षक पक्षपाती आहे खरा; पण त्या पक्षपाताची किंमत तो प्रवासाच्या कष्टांनीं व एकटेपणानें मोजतो. त्याच्या संघानें गोल केला असतां साऱ्या मैदानावर शांतता पसरते. त्या शांततेंत त्याचा एकट्याचा आवाज, झालें तें कौशल्यच होतें, अशी साक्ष देतो. यजमानास ती साक्ष खटकते. परंतु ती ऐकून ज्याचे हात टाळी वाजविण्यासाठीं क्षणभर तरी एकत्र येतात, त्याच्या मनांतून आपलें-परकें ही भावना तेवढ्यापुरती गळते. आणि शास्त्रकारांनीं ज्यास रसिकता म्हटलें ती त्या क्षणीं मैदानावर अवतरते. म्हणून पाहुणा स्वतः रसिक असो वा नसो, यजमानाची रसिकता सिद्ध व्हावयास तोच लागतो. नाशिकच्या मैदानावर उद्यां असे पाहुणे आले तर त्यांस वेगळी जागा अवश्य द्यावी. मात्र ती उन्हांतली, कोपऱ्यांतली नसावी, आणि तिच्याकडे जाणारी वाट विचारली असतां ती सांगणारा मनुष्य नाशिककरच असावा.