सणाविना पुरण

आमच्या मराठी चित्रपटांत सणाचे जेवण पुष्कळदा येते. पण बहुतेक वेळा ते सजावट म्हणून येते. पाट मांडले, रांगोळी घातली, पंगत बसली, की घर सुखात आहे एवढे प्रेक्षकाला समजते आणि जेवणाचे काम संपते. सतीश मनवर यांचा २००९ सालचा ‘गाभ्रीचा पाऊस’ हा चित्रपट ह्या रिवाजाला अपवाद आहे. त्यात पुरणपोळी आहे; पण सण नाही. सणाच्या जेवणाचा अर्थ समजून घेण्यासाठी सण नसलेले हे जेवण आम्हांस फार उपयोगी वाटते.

कथानक विदर्भातील कोरडवाहू कापूस पिकविणाऱ्या शेतकऱ्याचे आहे. चित्रपटाच्या नावातील ‘गाभ्रीचा’ ही वऱ्हाडी शिवी आहे. ज्या पावसाची वाट पाहायची त्यालाच ती हासडलेली आहे. शेजारचा एक शेतकरी आत्महत्या करतो आणि किस्नाची बायको अलका हिच्या मनात भीती घर करते. आपल्याही नवऱ्याच्या मनात तसेच काही असेल काय? हे त्याला विचारण्याची सोय नाही. मग ती लहानग्या मुलाला त्याच्या पाठीवर धाडते, त्याच्यावर नजर ठेवते, आणि त्याचे मन रमावे म्हणून पुरणपोळी करते.

पुरणाचा घाट म्हणजे काय, हे वाचक भगिनींना सांगायला नको. हरभऱ्याची डाळ शिजवायची, कट काढायचा, गूळ घालून पुरण आटवायचे, वाटायचे, आणि पोळी लाटताना ते फुटू द्यायचे नाही. वर तुपाची धार हवीच. होळी-पोळ्याला जे करायचे ते ही बाई आडदिवशी करते. जे बोलून दाखविता येत नाही ते ती ताटात वाढते. सोनाली कुलकर्णी आणि गिरीश कुलकर्णी यांनी हे नवराबायको फार संयमाने उभे केले आहेत. प्रेक्षकाला त्या काळजीचे हसू येते आणि लगेच त्या हसण्याची लाजही वाटते. गोड घास आनंदाचा की धास्तीचा, हा प्रश्न इतक्या साधेपणाने मराठी पडद्यावर क्वचितच आला असेल.

चित्रपटाचे मोठे यश त्याच्या बसण्याच्या जागेत आहे. त्याच विषयावरचा ‘पीपली लाइव्ह’ हा २०१० सालचा हिंदी चित्रपट वार्ताहरांच्या आणि पुढाऱ्यांच्या गर्दीतून शेतकऱ्याच्या दाराकडे पाहतो. ‘गाभ्रीचा पाऊस’ चुलीपाशी बसून बाहेर पाहतो. जुलै २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी यवतमाळसह विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची योजना जाहीर केली. असे आकडे वर्तमानपत्रांतून सर्वांनी वाचले. पण आकड्यांच्या खालच्या घरात संध्याकाळी काय शिजते आणि कोणत्या मनाने शिजते, हे दाखविण्याचे काम कलेचे होते. मनवरांनी ते केले.

तरी एक गोष्ट आम्हांस खटकते. आणि ती चित्रपटाची उणीव मानावी की आपल्या समाजाची, हे ठरविणे सोपे नाही. किस्नाला जगविण्याचा सारा भार त्याच्या घरावर पडतो. बायको, म्हातारी आई, लेकरू: एवढ्यांनी राखण करायची. पुरणाचे ताट एका माणसासाठी मांडले जाते. त्या ताटाला पंगत नाही.

वऱ्हाडातल्या सणाची खरी रीत मात्र याच्या उलट आहे. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे हळद-तुपाने मळतात आणि उद्या जेवायला ये, असे आवतण त्याला रीतसर देतात. ज्या मुक्या प्राण्याने वर्षभर जू ओढले त्यालाही न बोलाविता वाढायचे नाही, इतका त्या आवतणाचा मान. दुसऱ्या दिवशी बैल सजवून दारोदार नेतात. घरोघरी त्याची पूजा होते, नेणाऱ्याच्या हाती बोजारा पडतो. पुरण पोळ्याला तेच आणि अलकाच्या चुलीवरही तेच. फरक आवतणाचा आहे.

यवतमाळ जिल्ह्यापुरते बोलायचे, तर हा प्रश्न पडद्यावरचा नाही. महागाव तालुक्यातील चिलगव्हाण येथील शेतकरी साहेबराव करपे यांनी १९ मार्च १९८६ रोजी पत्नी व चार मुलांसह जीवन संपविले. राज्यातील शेतकरी-आत्महत्यांतील ही पहिली जाहीर घटना मानली जाते. २०१७ पासून किसानपुत्र आंदोलनाच्या हाकेवरून ह्या तारखेला ठिकठिकाणी लोक एक दिवस अन्नत्याग करतात. एका कुटुंबाच्या आठवणीसाठी अनोळखी माणसे आपले ताट बाजूला सारतात.

तीच १९ मार्च ही आपल्या पंचांगात संत योसेफाच्या सणाची तारीख आहे: कुटुंबाचा पोशिंदा, कष्टकऱ्यांचा आश्रयदाता. इटलीतील सिसिली बेटावर ह्या दिवशी ‘संत योसेफाचे मेज’ मांडतात. आख्यायिका अशी की, एकदा तिथे मोठा दुष्काळ पडला, लोकांनी संत योसेफाचा धावा केला, पाऊस आला. आणि कृतज्ञतेने त्यांनी जेवण मांडून गोरगरिबांना बोलाविले. प्रायश्चित्तकाळ असल्याने त्यात मांस नसते. काही गावांत गरीब माणसे किंवा मुले पवित्र कुटुंबाच्या वेषात दारे ठोठावतात. दोन दारांवर नकार मिळतो, तिसरे उघडते, आणि आधी त्यांना वाढल्यावाचून कोणी जेवत नाही. तिथेही पावसाचीच गोष्ट आहे. पण तिचे जेवण भिंतीआड राहिले नाही.

लूककृत शुभवर्तमानाच्या १४व्या अध्यायात प्रभू येशू यजमानाला जे सांगतो ते आपणांस ऐकून ठाऊक आहे. मेजवानी दिलीस तर मित्र, भाऊबंद आणि श्रीमंत शेजारी यांनाच बोलावू नकोस. ज्यांना परतफेड करता येत नाही त्यांना बोलाव. आमच्या नाताळच्या जेवणाची यादी ह्या वचनाशेजारी ठेवून पाहिली, तर ती बहुधा पहिल्याच वर्गातील निघते. आप्तेष्टांनी एकत्र जेवण्यात गैर काहीच नाही. घर त्यानेच टिकते. परंतु किस्नासारखा माणूस कोणाच्याच आप्तेष्टांत बसत नाही, आणि त्याच्या बायकोला एकटीने पुरण वाटत बसावे लागते.

‘गाभ्रीचा पाऊस’ धर्माविषयी काही बोलत नाही, उपदेश तर मुळीच करीत नाही. म्हणूनच तो आमच्या कुटुंबांनी एकत्र बसून पाहावा, असे आम्ही सुचवितो. पाहून झाल्यावर चर्चा अभिनयाची व छायाचित्रणाची अवश्य व्हावी. तिच्या ओघात आपल्या धर्मग्रामातील कोणत्या घरात यंदा पीक बुडाले, आणि येत्या सणाचे आवतण घेऊन तिथे कोण जाणार, एवढेही ठरले, तर अलकाच्या भीतीतील थोडा वाटा आपण उचलला असे होईल.