उलटी बखर

फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमचा सोर्स उतरवून घेतला की /यूएसआर/एसआरसी या फोल्डरात 'अपडेटिंग' नावाची साध्या मजकुराची एक फाईल येते. ना चित्र, ना रंग. सिस्टिम तयार न घेता सोर्समधून स्वतः बांधणाऱ्यांनी आधी ती वाचावी, अशी रीत आहे. मी ती गद्य म्हणूनही वाचतो. लिहिणाऱ्याला वाचकाची काळजी आहे आणि तरी तो तिचा गाजावाजा करत नाही, असं गद्य फार वाट्याला येत नाही.

तिची घडण बखरीची, फक्त उलटी. प्रत्येक नोंदीच्या डोक्यावर वर्ष, महिना, दिवस असे सलग आठ आकडे आणि त्याखाली मोजक्या ओळी. ताजी नोंद वर, जुनी खाली. त्यामुळे आपलं मशीन शेवटचं कधी बांधलं ती तारीख शोधायची आणि तिथून वरवर चढायचं. बखर एकच, पण प्रत्येकाची वेगळ्या ओळीवर सुरू होते.

विकासशाखेच्या प्रतीत अगदी वरच एक टीप असते, ही आवृत्ती संथ वाटणाऱ्यांना उद्देशून. चुका पकडणाऱ्या तपासण्या इथे मुद्दाम चालू ठेवल्या आहेत, वेग मोजायचा तर त्या बंद करा, एवढंच सांगणं. तोच प्रश्न किती जणांनी विचारला असेल! वैताग लपलेला नाही, पण सभ्यताही सुटलेली नाही. वॉर्नर लॉश यांनी वर्षानुवर्षं सांभाळलेल्या या फाईलचा सूर हाच आहे.

मूळ साधनांचं वेड आमच्या खानदेशाला नवं नाही. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या 22 खंडांचे राजवाडे 1926 साली धुळ्यातच गेले आणि त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ तिथेच उभं राहिलं. पण राजवाड्यांच्या प्रस्तावना मूळ कागदांइतक्याच गाजल्या. ही फाईल प्रस्तावनेच्या वाटेला जात नाही, आणि तिचं उणंही तेच: काय करायचं ते सांगते, का करायचं ते बहुतेकदा तुमच्यावर सोडते.

उदाहरणार्थ, शेवटच्या भागातला आज्ञांचा क्रम. बिल्डवर्ल्ड, बिल्डकर्नल, इन्स्टॉलकर्नल, मग रीबूट आणि त्यानंतरच इन्स्टॉलवर्ल्ड. कर्नल म्हणजे सिस्टिमचा गाभा. नवं कर्नल जुने प्रोग्रॅम सहसा चालवून घेतं, पण नव्या प्रोग्रॅमची मागणी जुन्या कर्नलला कळेलच असं नाही. म्हणून आधी कर्नल बदलून मशीन उठतं का ते पाहायचं, मग बाकीचा संसार हलवायचा. बिल्डवर्ल्डच्या पोटातही असाच जिना आहे: जुना कंपायलर नवी हत्यारं घडवतो आणि ती हत्यारं उरलेलं सगळं. रावेरच्या केळीवाल्याला हे वेगळं समजवावं लागणार नाही. खोडाच्या बुडाशी पील फुटतं, त्याच्याच आधाराने वाढतं, आणि घड उतरला की जुनं खोड तोडतात. इथेही शेवटी 'डिलीट-ओल्ड' आहेच.

बिल्ड मोडलं की लॉगही असाच खालून वर वाचावा लागतो. शेवटी दिसणारा 'एरर कोड 1' ही नुसती सुतकाची वार्ता, गेलं कोण ते वर सापडतं. '-जे' देऊन अनेक कामं एकदम लावली असतील तर ओळींची सरमिसळ होते. बिघडलं तर त्याशिवाय पुन्हा चालवून पाहा, असं फाईल सांगते.

माझं बिल्ड मोडलं ते जळगावच्या मे महिन्यात, पारा 45 च्या आसपास असताना. कंपायलर 'सिग्नल 11' म्हणून गतप्राण झाला. पुन्हा लावलं, पुन्हा तेच, पण वेगळ्या फाईलवर. फ्रीबीएसडीच्या प्रश्नोत्तरांत यावर सोपा ठोकताळा आहे: दर वेळी एकाच जागी मरत असेल तर दोष कोडमध्ये शोधा, जागा बदलत असेल तर रॅम, पॉवर सप्लाय, उष्णता तपासा. मी दोन दिवस सोर्सला शिव्या घालत होतो. कॅबिनेट उघडलं तर पंख्यावर धुळीचा गादीएवढा थर! पंखा साफ केला, रात्री गच्चीवर खाट टाकली, खाली मशीन लावून दिलं. सकाळी बिल्डवर्ल्ड पूर्ण.

या फाईलमधली माझी सगळ्यात आवडती जागा विरामचिन्हांची आहे. आज्ञांच्या यादीत काही ओळी कोनी कंसात दिल्या आहेत. त्या टाईप करायच्या नसतात, माणसाने करायच्या असतात. रीबूटची ओळ तशीच. आणि सगळ्यात पहिली, बिल्डवर्ल्डच्याही आधीची ओळ आहे पूर्ण बॅकअप नीट असल्याची खात्री करून घेण्याची. उन्हाळ्यात आपल्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नाही, तेव्हा भाऊ, ती कंसातली ओळ तेवढी गाळू नका.