‘देवराई’ पाहून झाल्यावर

सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर यांच्या ‘देवराई’त (२००४) शेषला स्किझोफ्रेनिया होतो. त्याला वेडा ठरवून हशा पिकवण्याऐवजी हा चित्रपट त्याची भीती आणि बहिणीची ओढाताण दाखवतो. नववी-दहावीच्या मुलांना तो जरूर दाखवावा, असे आम्हांला वाटते.

मात्र शेष हुशार, हळवा, देवराईच्या ध्यासाने झपाटलेला आहे. त्यामुळे ‘फार विचार केला की डोके फिरते’ असा समज मुले सहज करून घेतील. चित्रपट तो पुरेसा खोडत नाही. आनुवंशिकता, मेंदूची वाढ आणि परिस्थिती यांच्या गुंत्यातून हा आजार उद्भवतो, हे शिक्षकांनीच सांगायला हवे. तो बहुधा विशीच्या आसपास सुरू होतो. उपचार लवकर मिळाले तर फायदा अधिक. ‘कानांत आवाज येतात’ असे उद्या मित्र म्हणाला, तर हसायचे नाही, मोठ्यांना सांगायचे, एवढे कळले तरी तास सार्थकी लागला.