स्क्रीनिंग रेटचा छेद कुठून आणणार?

‘इलेक्ट्रॉनिक आरोग्य नोंदींवरून एचआयव्ही स्क्रीनिंगचं प्रमाण मोजणे’ हा विषय पीएचडीच्या प्रस्तावात छान दिसतो. डेटा आयता, घरोघरी फिरणं नाही, आणि शेवटी एक टक्केवारी हातात. माझा आक्षेप त्या टक्केवारीवर आहे. शाळेतला अपूर्णांक आठवा: वर अंश, खाली छेद. अंश आपल्याला मिळतो. छेद मात्र आपण बहुतेक वेळा उसना आणतो.

कुठून? अमेरिकेतून. तिथे सीडीसीने 2006 मध्ये शिफारस केली की दवाखान्यात येणाऱ्या 13 ते 64 वयाच्या प्रत्येकाची, त्याने नकार दिला नाही तर, एचआयव्ही तपासणी करावी. म्हणून तिथे ‘या वर्षी आलेले, या वयाचे सगळे’ हा छेद अर्थपूर्ण ठरतो. तरीसुद्धा दुसऱ्या हॉस्पिटलात तपासणी झालेला माणूस या हॉस्पिटलच्या नोंदीत ‘तपासलेला नाही’ असाच दिसतो. आपल्याकडे तर ओपीडीत आलेल्या प्रत्येकाला तपासा असं धोरणच नाही. तपासणी होते ती गरोदर बायकांची, टीबीच्या रुग्णांची, गुप्तरोगाच्या तक्रारी घेऊन येणाऱ्यांची, जोखमीच्या गटांची आणि स्वतःहून येणाऱ्यांची. मग ओपीडीचा आकडा छेदात घालून काय मोजलं? शिवाय ओपीडीचा आकडा भेटींचा असतो, माणसांचा नाही. बीपीची गोळी न्यायला दर महिन्याला येणारे आजोबा वर्षात बारा वेळा मोजले जातात.

आता अड्याळ घ्या. भंडारा–पवनी रस्त्यावरचं, पवनी तालुक्यातलं मोठं गाव. ग्रामीण रुग्णालय आहे. समजा तिथली एक सून गरोदर आहे. एएनएम तिची नोंद आरसीएच पोर्टलवर करते. एचआयव्ही तपासणीची नोंद जाते नॅकोच्या प्रणालीत, जी आधी ‘सिम्स’ होती आणि आता ‘सोच’ आहे. महिन्याचा गोळाबेरीज आकडा एचएमआयएसमध्ये. तिला टीबी निघाला तर ‘निक्षय’ वेगळं. पहिलं बाळंतपण, म्हणून सातव्या महिन्यात ती माहेरी जाते, समजा लाखनीकडे. तिथे पुन्हा तपासणी. अडचण आली तर भंडाऱ्याचं जिल्हा रुग्णालय, नाहीतर थेट नागपूरचं मेडिकल. मध्येच कुणी खासगी लॅबमध्ये नेलं तर ती तपासणी यातल्या बहुतेक ठिकाणी उमटणारही नाही. बाई एक, खुणा पाच ठिकाणी, आणि त्या जोडणारा धागा तुमच्याकडे नाही.

एचएमआयएसच्या मासिक आकड्यांत आणखी एक गंमत आहे. या महिन्यात तपासलेल्या बायका भागिले या महिन्यात नोंद झालेल्या बायका, असं केलं तर वरच्या बायका वेगळ्या आणि खालच्या वेगळ्या. उत्तर 100 टक्क्यांच्या वरसुद्धा जाऊ शकतं. 104 आलं की सगळे हसतात आणि चूक शोधतात. पण 96 आलं तर कुणी शोधत नाही, आणि ते 96 त्याच चुकीतून आलेलं असू शकतं.

रिकाम्या रकान्याचं काय करायचं, हा खरा प्रश्न. समजा 100 बायकांची नोंद आहे, 70 जणींपुढे तपासणीची तारीख आहे, 30 रिकाम्या. संगणकाला सांगितलं की रिकामं म्हणजे ‘नाही’, तर प्रमाण 70 टक्के. पण खरं प्रमाण 70 ते 100 मध्ये कुठेही असू शकतं. आणि उपाय त्यावरच ठरतो. तपासणीच झाली नसेल तर किट आणि समुपदेशक हवेत. तपासणी होऊन नोंद राहिली असेल तर डेटा एन्ट्रीचं काम आहे. चुकीचं निदान झालं तर एएनएमला रकाने भरायला पिटाळलं जाईल, आणि खरंच सुटलेली बाई सुटलेलीच राहील. उपचार नसतील तर आईकडून बाळाला संसर्ग होण्याची शक्यता 15 ते 45 टक्के असते. वेळेवर उपचार मिळाले तर ती 5 टक्क्यांच्या खाली येते. त्या तीस रकान्यांत हे लपलेलं आहे.

मग सगळ्या प्रणाली आधार किंवा आभा क्रमांकाने जोडून टाका, असं कुणीतरी सेमिनारमध्ये म्हणतंच. थांबा. एचआयव्ही-एड्स कायदा (2017 चा, लागू 10 सप्टेंबर 2018 पासून) तपासणीला माहितीपूर्ण संमती मागतो आणि माहितीच्या गोपनीयतेची जबाबदारी ती ठेवणाऱ्यावर टाकतो. नोंदी तुटक आहेत, पण त्या तुटकपणात थोडं संरक्षणही आहे. अड्याळसारख्या गावाच्या पातळीवर तक्ता छापला आणि एका चौकटीत ‘1’ आलं, तर नाव छापायची गरज उरत नाही. चहाच्या टपरीवर ते संध्याकाळपर्यंत कळतं.

म्हणून हा विषय घ्यायचाच असेल तर लहान करून घ्या. फक्त गरोदर बायका. एकाच महिन्यात नोंद झालेल्यांचा गट धरून बाळंतपणापर्यंत पाठपुरावा. शीर्षकात ‘स्क्रीनिंगचं प्रमाण’ न लिहिता ‘नोंदीत तपासणी दिसणाऱ्यांचं प्रमाण’ लिहा. गाईड कुरकुर करतील, करू द्या. आकडा तालुक्याच्या खाली फोडू नका. आणि एथिक्स कमिटीची परवानगी घेऊन रिकाम्या नोंदींचा एक छोटा नमुना पडताळा: आरोग्य कर्मचाऱ्यामार्फत, बाईच्या संमतीने, तिच्याकडच्या कार्डावर किंवा लॅबच्या चिठ्ठीवर. मात्र घरी जाऊन नाही, बाकी सगळ्या गरोदर बायका येतात त्याच तपासणीच्या दिवशी. तुम्हाला फक्त तारीख हवी आहे. निकाल तुमच्या फॉर्ममध्ये असूच नये.