पेशीमालिकांची साक्ष आणि हिंगोलीचा रोगी

अष्ठीला म्हणजे प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगात अर्बुदरोधी जनुके कशी निकामी होतात, याविषयीचे प्रारंभीचे बरेचसे ज्ञान डीयू-१४५, पीसी-३ व एलएनकॅप या तीन पेशीमालिकांवर आधारलेले आहे. डीयू-१४५ मध्ये आरबी जनुक सदोष असते. १९९० साली बुकस्टीन व त्यांच्या सहकाऱ्यांनी या पेशींत निर्दोष आरबी जनुक घातले. काचपात्रातील वाढीचा वेग फारसा बदलला नाही. पण प्रतिकारशक्तिहीन उंदरांत अर्बुद निर्माण करण्याचे त्यांचे सामर्थ्य मात्र लोपले.

हा प्रयोग मोलाचा खरा. तथापि त्यावरून आरबी-दोष हेच या रोगाचे सर्वसाधारण कारण मानणे युक्त नव्हे. पीसी-३ मध्ये पी-५३ व पीटेन ही दोन्ही जनुके निकामी आहेत. एलएनकॅपमध्ये पीटेन निकामी, पण पी-५३ शाबूत आहे. डीयू-१४५ मध्ये नेमके याच्या उलट. शिवाय या मालिका अनुक्रमे मेंदू, हाड व लसीकाग्रंथी येथे पसरलेल्या रोगातून, अमेरिकेतील रोग्यांपासून मिळालेल्या आहेत. आणि आरबी व पी-५३ यांचे दोष रोगाच्या पुढील अवस्थेतच अधिक आढळतात.

हिंगोली जिल्ह्यातील ज्या रोग्याचा विकार अद्याप ग्रंथीपुरताच आहे, त्याच्याविषयी या मालिकांवरून थेट विधान करणे म्हणजे पैनगंगेच्या संगमावर उभे राहून कयाधूच्या उगमाचे वर्णन करण्यासारखे होय. स्थानिक रोग्यांच्या ऊतींच्या परीक्षणाची जोड मिळेपर्यंत प्रबंधांतून असा निष्कर्ष केवळ अनुमान म्हणूनच मांडला जावा.