चेटकिणीला गाणं आहे, जाईला नाही

रत्नाकर मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’मधली चिंची चेटकीण म्हटलं की दोन नावं चटकन आठवतात. आधीच्या पिढीला दिलीप प्रभावळकर, आणि २०१८ मध्ये चिन्मय मांडलेकरने नाटक पुन्हा बसवलं तेव्हापासूनच्या पोरांना वैभव मांगले. दोघेही पुरुष. तिकडे रोआल्ड डालच्या ‘मटिल्डा’वरून रॉयल शेक्सपिअर कंपनीने २०१० मध्ये म्युझिकल केलं, तेव्हा मुलींना वेण्यांना धरून भिरकावणारी मुख्याध्यापिका ट्रंचबुल बर्टी कार्व्हेल या नटाने केली. तोही पुरुषच. हा मला योगायोग वाटत नाही. ब्रिटिशांकडे पँटोमाइममधली ‘डेम’ आहे, आपल्याकडे गवळणीतली मावशी. लुगडं नेसलेला बाप्या रागवायला लागला की पोरं घाबरतात आणि त्याच क्षणी हसतातही. भीतीला हसण्याची चोरवाट ठेवायची ही युक्ती दोन्ही रंगभूमींना आपापल्या घरातच सापडलेली आहे.

म्हणजे दुष्ट पात्राच्या बाबतीत आपण कुठेच मागे नाही. फरक पडतो तो मुलीच्या बाबतीत.

‘मटिल्डा’ हे पुस्तक १९८८ चं. त्यातली मटिल्डा बराच वेळ एकटी बसून वाचत असते. आता वाचणारी मुलगी रंगमंचावर दाखवायची कशी? प्रेक्षकांना दिसणार काय, तर खुर्ची आणि पुस्तक. नाट्यरूपांतर करणाऱ्या डेनिस केलीने यावर एक उपाय काढला. मूळ पुस्तकात नसलेली एक गोष्ट मटिल्डा ग्रंथपाल बाईंना तुकड्यातुकड्याने सांगत जाते, आणि ती गोष्ट पुढे तिच्या लाडक्या मिस हनीच्या आयुष्याला येऊन भिडते. गीतकार-संगीतकार टिम मिंचिनने तर आणखी मोठं धाडस केलं. ट्रंचबुलचा थयथयाट ऐन भरात असताना मटिल्डा स्वतःच्या डोक्यातल्या गोंगाटाबद्दल गायला लागते, आणि हळूहळू भोवतीचा आवाज विरून जातो. ज्यांनी २०२२ चा नेटफ्लिक्सवरचा सिनेमा पाहिलाय त्यांना ही जागा आठवेल. पुस्तकात जे वाचणाऱ्याच्या मनात गुपचूप घडतं, त्याला इथे आवाज मिळालाय. मुलांच्या पुस्तकाचं म्युझिकल करायचं म्हणजे नेमकं काय करायचं, याचं याहून स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही. पुस्तक जिथे गप्प होतं, तिथे गाणं ठेवायचं.

गंमत अशी की हे तंत्र मराठीला नवं नाहीच. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या १८८० च्या ‘शाकुंतल’पासून आपल्याकडे पात्राच्या मनात काही दाटून आलं की कथा थांबते आणि पद सुरू होतं. एकट्या माणसासाठी गाणं हा तर संगीत नाटकाचा धर्मच. मग बालनाट्यात ते गाणं गेलं कुठे? मी पाहिलेल्या बहुतेक बालनाट्यांत गाणं म्हणजे सगळ्यांनी एकदम आत यायचं, रंगीत दिवे फिरवायचे, पोरांनी टाळ्या धरायच्या. नाचाला माझा विरोध नाही. पण दोन तासांत एकदाही एकटं मूल एकटं गात नसेल, तर आपण मुलांना फक्त गर्दी म्हणून ओळखतो असं वाटायला लागतं.

‘अलबत्या गलबत्या’वर हा आरोप बसत नाही, हे आधीच सांगते. ते कुठल्या पुस्तकाचं रूपांतर नाही, रंगमंचासाठीच रचलेली परीकथा आहे. तिथे राजा हा राजा आणि चेटकीण ही चेटकीण असते, मनातलं असं वेगळं काही कुणाकडे नसतं. जे आहे ते सगळं बाहेर, ठसक्यात. आपली बालरंगभूमी उभीच राहिली ती या जातीच्या नाटकांवर. अमेरिकेतली बालरंगभूमी पाहून आलेल्या सुधा करमरकरांनी १९५९ मध्ये मतकरींचं ‘मधुमंजिरी’ केलं आणि पुढच्या कित्येक वर्षांची वाट पडली. ती वाट चांगली होती. पण तिच्यामुळे एक गोष्ट राहून गेली : मराठीतली मुलांची पुस्तकं, ज्यांत मुलं राजपुत्र नसून साधी मुलं असतात, ती गाण्यांसह रंगमंचावर फारशी आलीच नाहीत.

भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे घ्या. फुरसुंगीचा काटकुळा बनेश, शिकायला पुण्यात, सायकलवर सुसाट. तो दूरदर्शनवर आला, २०१७ मध्ये सिनेमात आला. सिनेमा मला आवडला, पण त्यातला फेणे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेला पुण्यात आलेला तरुण आहे. पोरगा मोठा केला की पोराला काय वाटतं हा प्रश्नच मिटतो. खरं तर फेणेचं म्युझिकल त्याच्या तोंडातच तयार आहे. तो जिभेने ‘ट्टॉक्’ असा आवाज काढतो, तिथून ठेका सुरू करा, त्यावर सायकलची घंटा, पॅडल, पाठलाग. आणि मग कधीतरी, एखाद्या बंद खोलीत, तो ‘ट्टॉक्’ करायला जातो आणि आवाज निघतच नाही. हे गाणं मला ऐकायचंय.

हे होत नाही याला एक अगदी व्यवहारी कारणही आहे, आणि माझ्यासारख्या कोड लिहिणारीला ते पटकन दिसतं. आजची बरीचशी बालनाट्यं रेकॉर्डेड ट्रॅकवर चालतात. पूर्वी ऑर्गनवाला आणि तबलजी नटाच्या तोंडाकडे बघत वाजवायचे. नट थांबला की तेही थांबत. ट्रॅकला डोळे नसतात. नाशिकला ‘अलबत्या गलबत्या’ बघताना थिएटरमधली पोरं चिंचीशी वाद घालायला लागली की मांगले वाद वाढवत नेत होते, हवा तेवढा. पण ही ऐसपैस मोकळीक बोलण्यातच मिळते. ट्रॅक सुरू झाला की मूल हसो, रडो, प्रश्न विचारो, पुढचं कडवं ठरल्या सेकंदाला येणार. वादकांचा ताफा बालनाट्याच्या तिकिटात परवडत नाही हे मला कळतं. पण एक पेटी आणि एक ढोलकी? तमाशाने याहून फार जास्त कधी मागितलं होतं?

नमुनाही लांब शोधायला नको. वसंत कानेटकर नाशिकचे, इथल्या एचपीटी कॉलेजात शिकवायचे. त्यांचं १९६६ चं ‘लेकुरे उदंड जाली’, संगीत जितेंद्र अभिषेकींचं. त्यात नवराबायको बोलता बोलता कधी तालात शिरतात आणि कधी बाहेर पडतात हे कळतसुद्धा नाही. पदासाठी गोष्ट थांबत नाही, गाण्यातच भांडण पुढे सरकतं. संगीत नाटक आणि म्युझिकल यांच्यामधला हा पूल मोठ्यांच्या नाटकात बांधून झालाय. मुलांसाठी तो वापरावा असं फारसं कुणाला सुचलेलं दिसत नाही.

आता शीर्षकातल्या जाईकडे येते. लुइस कॅरलच्या ‘अ‍ॅलिस’चा मराठी अनुवाद ‘जाईची नवलकहाणी’ देवदत्त नारायण टिळकांनी केला. हे देवदत्त म्हणजे ‘स्मृतिचित्रे’मधला दत्तू. टिळकांचं घर नाशिकचं, म्हणून ही जाई मी मनातल्या मनात आमच्या गावची धरून चालते. इंग्लंडमध्ये ‘अ‍ॅलिस’ १८६५ मध्ये आली आणि १८८६ मध्ये लंडनच्या रंगमंचावर तिचं संगीत नाटक झालंसुद्धा. पुस्तकात कविता आहेतच, त्यांना चाली लावायच्या, एवढं ते सोपं दिसतं.

पण सोपं नाही. अ‍ॅलिसमधल्या कित्येक कविता विडंबनं आहेत. आयझॅक वॉट्सची उद्योगी मधमाशीवरची कविता तेव्हाच्या पोरांकडून घोकून घेतली जायची. अ‍ॅलिस ती म्हणायला जाते आणि तोंडातून मगरच बाहेर पडते. पाठ केलेलं आपोआप बिघडतंय, याची तिला भीती वाटते आणि वाचणाऱ्याला हसू फुटतं. हे हसू फुटायला मूळ कविता थिएटरमधल्या प्रत्येक पोराला पाठ हवी.

आज नाशिकच्या थिएटरमध्ये पाचशे पोरं बसली, तर त्या सगळ्यांना पाठ असलेली एक मराठी कविता कोणती? माझी भाची सीबीएसईत, शेजारचा मुलगा सेमी-इंग्लिशमध्ये, कामाच्या मावशींची मुलगी महापालिकेच्या शाळेत. तिघांची पुस्तकं वेगळी, कविता वेगळ्या. माझ्या आईच्या वर्गाला निदान एकच बालभारती होती. क्लासिकचं कौटुंबिक म्युझिकल हे ज्या सामायिक आठवणीवर उभं राहतं, ती आठवण आज बहुतेक वेळा फक्त तिकीट काढणाऱ्या आईबापांकडे असते. पोरं चेटकीण बघायला येतात, मोठी माणसं स्वतःचं लहानपण बघायला. दोघं शेजारी बसतात आणि वेगवेगळं नाटक बघतात.

बराच विचार केल्यावर मला एकच मजकूर सापडला जो या तिन्ही मुलांना पाठ आहे : गणपतीची आरती. आणि तिन्ही मुलं ती चुकीची म्हणतात. अर्थ न कळल्यामुळे, ऐकू येईल तशी, भलतेच शब्द घालून, पूर्ण श्रद्धेने, टाळ्या वाजवत. आपणही लहानपणी तशीच म्हणायचो. कॅरलने जे रचून केलं, ते आपल्याकडे दर भाद्रपदात घराघरांत आपसूक होतं. मराठी जाई सशाच्या बिळातून खाली पडली आणि धीर यावा म्हणून तिने पाठ असलेलं काहीतरी म्हणायचं ठरवलं, तर ती हेच म्हणेल, आणि ते बिघडेल. एकटी, अंधारात, कुठल्याही ट्रॅकशिवाय. थिएटरमधलं प्रत्येक पोर हसेल, कारण चूक कुठे झाली ते पहिल्यांदाच त्याला कळलेलं असेल.

हे एका नाटकवाल्या मित्राला सांगितलं. तो आधी मनापासून हसला. मग म्हणाला, “लिही तू. पण पहिल्या प्रयोगाला बाहेर पोलीस लागतील, तो खर्च कोण करणार ते आधी ठरव.”